सगळ्याला हो

अण्णा, आज तुम्ही असता तर मी तुमच्याशी कडाकडा भांडले असते. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि मी नेमकं काय करते हे तुम्हाला कधी कळलं नाही. माजलगावच्या दुकानात गिऱ्हाइकांना तुम्ही 'पोरगी कंपूटर दुरुस्त करती' एवढंच सांगायचात. ते फारसं चूकही नव्हतं. डिस्कवर कुठली फाईल कुठे ठेवली हे लक्षात ठेवणारी एक व्यवस्था असते, तिला फाईलसिस्टिम म्हणतात. ती बनवणारी माणसं वेगळी. मी सांभाळते ती तिच्या सोबतची हत्यारं: एक डिस्क नव्याने मांडायचं, एक तपासायचं, एक बिघडली तर दुरुस्त करायचं. ही हत्यारं जगात कोणीही फुकट वापरतं आणि कोणीही उठून त्यांच्या नावाने खडे फोडतं.

यंदा मी त्यांची साफसफाई काढलीय आणि माझं डोकं उठलंय. एकच सूचना तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेली. एका जागी कोणीतरी लिहून ठेवलंय, 'हे तात्पुरतं आहे', आणि तो लिहिणारा काम सोडून कधीचा शेतीला लागलाय. काही काढायला जावं तर कुठल्या तरी देशातून कोणीतरी लिहितो, की हे काढू नका, माझं सगळं याच्यावरच चालतं. इतकी वर्षं हा माणूस कुठे होता, देव जाणे. तरी मी चिडत, कुरकुरत काढत होते. मग मांजरसुंब्याचा फोटोवाला आला.

त्याने लग्नांचे फोटो साठवलेली डिस्क टॉवेलात गुंडाळून आणली होती. ती बिघडली, तेव्हा त्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून दुरुस्तीचं हत्यार चालवलं, म्हणजे माझंच. ते प्रत्येक दुरुस्तीआधी विचारतं, हे करू का? पण त्यात एक सोय आहे, एकदाच सगळ्याला 'हो' म्हणून टाकायची. याने तेच केलं. फोटो वाचले, पण सगळ्यांची नावं आणि कप्पे गेले. हजारो फोटो एका ढिगात, नावाच्या जागी नुसते आकडे. त्यात लिंबागणेशच्या एका लग्नातला नवरदेवाच्या वडिलांचा फोटो होता. ते नंतर वारले. घरच्यांना भिंतीवर लावायला तोच हवा होता, दुसरा धड फोटोच नव्हता.

"अहो, काय विचारतंय ते वाचलं तरी का?" मी म्हटलं.

"न्हाई ताई. इंग्रजीत व्हतं. आन मी लई भ्यालो व्हतो. हो म्हनलं की सुटलो, असं वाटलं."

मला तुमचं दुकान आठवलं. जळालेली मोटार घेऊन शेतकरी आलाय, उसाला पाणी द्यायचं राहिलंय, परतीची एसटी सुटायला आलीय. तुम्ही त्याला पोत्यावर बसवता. "अण्णा, मला कावून बसवता? तुमी करा की," तो कळवळतो. तुम्ही ऐकत नाही. मालक समोर असल्याशिवाय मोटार खोलायची नाही, हा तुमचा नेम. बंद पडायच्या आधी तिचा आवाज कसा येत होता, कोणी आधी हात घातला होता का, हे त्यालाच माहीत. खोलताना दर बोल्टाला तुम्ही त्याला काहीतरी विचारता आणि तो वैतागून उत्तरं देतो. एकदा मालक चहाला गेला असताना मी शहाणपणा करून झाकण काढलं. "कुणाला इचारून उघडलंस गं?" म्हणून तुम्ही ते परत बसवलंत आणि तो येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता. आणि आता फोटोवाला "तुमी बघा, मी संध्याकाळी येतो" म्हणाला, तर मी त्याला म्हटलं, "बसा. माणसं तुम्ही ओळखता, मी नाही." दोन दिवस तो माझ्या शेजारी बसून एकेक चेहरा बघत होता. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला तो फोटो सापडला. फेटा बांधलेले, घास हातात धरून कोणाकडे तरी बघून हसणारे.

तो गेल्यावर मी रागाच्या भरात ती सगळ्याला हो म्हणायची सोय काढून टाकणारा बदल लिहिला. सोबत लांबलचक कारणही लिहिलं, की ज्याला प्रश्न वाचायचे नाहीत त्याने दुरुस्ती करूच नये. लिहिता लिहिता दवाखान्यातली तुमची खाट आठवली. डॉक्टर शांतपणे सांगतायत, ऑपरेशन केलं तर काय, नाही केलं तर काय, धोका कुठे आहे. आणि शेतकऱ्याला बोल्टाबोल्टाला विचारणारे तुम्ही म्हणता, "तुमी जानता. करा काय करायचं ते." एक प्रश्न नाही. त्या ऑपरेशनमधून तुम्ही उठला नाहीत. विचारलं असतं तर वाचला असतात असं नाही, डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. पण इतकी वर्षं मी यावर तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय, की दुनियेला बसवून घेतलंत आणि स्वतःच्या वेळी उठून गेलात. हा तुमचा हेकटपणा आहे असंच मी धरून चालले होते. तुम्ही भ्याला असाल, हे एका परक्या माणसाने टॉवेलाची घडी घालत सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुम्हाला भीती वाटते हेच मला माहीत नव्हतं, अण्णा.

तो बदल मी अजून पाठवलेला नाही. सोबतच्या लोकांना मी आधीच सांगून बसले होते, ते रोज विचारतायत, त्याचं काय झालं, आणि मी काहीतरी थापा मारतेय. हे पत्र तर पाठवायला पत्ताच नाही. एक गोष्ट मात्र आईलाही सांगितलेली नाही. तुम्ही 'करा' म्हणालात, तेव्हा डॉक्टर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, तुम्हाला सगळं समजलं ना? करायचं ना मग? मला खूप विचारायचं होतं. मी नुसती मान हलवून हो म्हटलं, सगळ्याला.