गुळातली गोळी

बोरी अरब, ४ डिसेंबर २०२४

चि. विजूस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? जावईबापूंचं बीपी ताब्यात आहे ना? आयुषचा खोकला थांबला का? इकडे माझा गुडघा आहे तसाच. बंटी ट्रकवर, म्हणून घरी मी, सून दिपाली अन् आपला भुऱ्या. दिपाली ठणठणीत आहे, जरा जास्तच.

फोन सोडून पत्र लिहून राह्यलो, कारण भिंतीले कान आहेत. भुऱ्या आता तेरा वर्षांचा, कुत्र्याच्या मानानं म्हातारा झाला. सांधे धरले, उठताना मागचे पाय थरथरतात. पण चार दिवसांपासून ओकतो, अन् हगवण डांबरासारखी काळी. मी वावरात गेलो की दिपाली भाकरीच्या तुकड्यात पांढरं काहीतरी दाबून त्याले चारते. परवा विसरलेला विळा घ्यायले परतलो, तर तिनं हात मागे घेतला. विचारलं तर म्हणे, काही नाही बाबा. त्याच्या केसांवरून तिची रोजची कुरकुर. कुठंतरी पाणी मुरते.

मी तर त्याले जपतो. माझी गुडघ्याची गोळी अर्धी मोडून रोज संध्याकाळी गुळात देतो. दुखणं एकच, मग औषध वेगळं कायले?

फोन करू नको, दिपालीच उचलते.

तुझा भाऊ,
घनश्याम

उमरखेड, ८ डिसेंबर

ती. भाऊस विजयमालाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझी ताकीद मोडली. पत्र वाचताच दिपालीले फोन केला, रागवायचं तर माझ्यावर रागव. ती चारते ती भुऱ्याच्या सांध्यांचीच गोळी, दारव्ह्याच्या जनावरांच्या डॉक्टरनं त्याचं वजन करून ठरवलेली. लपवून काहून? तर तूच ओट्यावर चारचौघांत म्हणाला होतास, कुत्र्याले कायचा डॉक्टर. माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याच्या पोटात रक्त काढते, हे त्या डॉक्टरनं तिले बजावलं होतं. तुझ्या गुळाचं मात्र तिले ठाऊक नव्हतं. मी तिले सांगितलं. तशी म्हणाली, आत्ताच त्याले डॉक्टरकडे घेऊन निघते.

तुझ्या संशयाचं मी बोलले नाही. भाऊ, काखेत कळसा अन् गावाले वळसा.

जीव टांगणीला लागला आहे, कळव.

तुझी विजू

बोरी अरब, १९ डिसेंबर

चि. विजूस आशीर्वाद.

भुऱ्या वाचला. डॉक्टरनं दोन्ही गोळ्या बंद केल्या, सलाईन लावलं. तीन दिवस त्यानं पाण्यालेही तोंड लावलं नाही. आता पेज पितो. सांध्यांच्या औषधाचं पोट बरं झाल्यावर बघू म्हणाले. तोवर पोत्यांचं जाड अंथरूण, कोमट फडक्याचा शेक, अन् फरशीवर पाय घसरू नये म्हणून चटई. सगळं दिपालीच करते. दवाखान्यात ती म्हणाली, चूक आमची झाली. माझं एकट्याचं नाव घेतलं नाही. मी तिच्याकडं पाहू शकलो नाही.

काल नुसता गुळाचा खडा हातावर धरला. भुऱ्यानं हुंगला, माझ्याकडं पाह्यलं अन् तोंड फिरवलं. तोच खडा दिपालीनं दिला, तर खाल्ला. त्याचं चुकत नाही. आता मी रोज खडा घेऊन त्याच्यापाशी बसणार.

उत्तर लवकर टाक. फोन केलास तरी चालेल, दिपाली उचलते.

तुझा भाऊ,
घनश्याम