चोरासाठी बसवलेला प्लग

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग सध्या कागदावरच. उजवा गुडघा वळत नाही. कारण पुढे येईलच.) तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आई बरी आहे, जेवते, आणि काल तर चक्क माझ्यावर ओरडली. एवढं खुशालीचं वर्तमान पुरे.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. बाबा गेल्यापासून फोनवर आपण दोघंही ‘जेवलीस का’, ‘जेवलो’ याच्या पुढे जात नाही. आणि मला आज पुष्कळ सांगायचंय. (मला! लिहितानाच हसू येतंय.)

जाताना तू निकाल दिला होतास, की बाबांची मोटरसायकल सुरू झाली तर ठेव, नाहीतर रविवारी भंगारवाला येऊन नेईल. तेव्हा आईनेही मान हलवली होती. दुसऱ्याच दिवशी मी किक मारायला लागलो. एकशे चाळीस मारल्या. (मोजल्या, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.) गाडी ढिम्म. गुडघ्याचं मात्र इंजिन झालं, तो अजून कटकट वाजतो. शेवटी इंजिनातला स्पार्क प्लग काढून पाहिला तर कोळसा. म्हटलं, सापडला चोर! भिंगातून त्यावरचा नंबर वाचला, दुकानात गेलो आणि त्याच नंबरचे सहा प्लग घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, “सहा? मोटरसायकली किती आहेत?” मी म्हटलं, एकच. त्याने बिल मात्र फार आदराने दिलं.

नवा प्लग घातला आणि ताई, तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली! तीच धडधड, खिडकीच्या काचासुद्धा तशाच थरथरल्या. मी नुसता हँडल धरून उभा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई ओरडली, “आधी पाय पुसा, फरशी ओली आहे!” बाबा गाडी लावून आत यायचे तेव्हा हेच ओरडायची. मला वाटलं, झालं, आता रडणार. ती ओले हात पदराला पुसत शेडमध्ये आली, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, “ही खोकतेय. त्यांची खोकत नव्हती.”

चार मिनिटांत आईचं निदान खरं ठरलं. इंजिनात कुणी डब्यातले खडे हलवावेत तसा आवाज सुरू झाला आणि गाडी बंद पडली. प्लग काढला तर टोक पांढरंफटक. दुसरा घातला, तेच. मग बाबांच्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी प्लग तळहातावर घेतला आणि हसत सुटले. “अहो, हा पाण्याच्या पंपाचा प्लग! गरम प्लग. उष्णता धरून बसतो. या इंजिनाला थंड लागतो, उष्णता सोडून देणारा.” (मला चटकन आपली आत्या आणि बाबा आठवले.)

मी म्हटलं, पण गाडीत हाच होता. तेव्हा त्यांनी सांगितलं ते ऐक. बाबा गाडी लावली की खरा प्लग काढून खिशात टाकायचे आणि त्या जागी पंपाचा मेलेला प्लग बसवायचे. चोराने किक मारून मारून मरावं म्हणून! एवढी वर्षं चोर आला नाही. शेवटी सापळ्यात सापडलो मी, एकशे चाळीस किका मारून, वर चोराच्या प्लगच्या सहा नकला विकत घेऊन.

मिस्त्री म्हणतात, या इंजिनाचा मूळ प्लग आता बनतच नाही. बाबांनी वर्षभर खटपट करून पर्यायी नंबर शोधला होता, पण कुणाला सांगितला नाही. (कुणाला म्हणजे मलाही. मी कधी विचारलं नव्हतं.) तो नंबर फक्त त्यांच्या प्लगवर आहे.

सर्वांना यथायोग्य.

तुझा,
धाकटा

ता. क. शेवटची फेरी मारली तेव्हा बाबांच्या अंगात तपकिरी कोट होता. आठवण म्हणून तू नेलास तो. आतला डावा खिसा.

ता. क. २ : कोट तुझाच, परत नको. नंबर तेवढा वाचून शनिवारच्या आत फोनवर सांग. निदान तेवढं तरी बोलू. भावोजींनी तो धुलाईला दिला असेल तर मात्र लगेच कळव, मी लंगडत येतो.

ता. क. ३ : पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, तू त्या खिशात अजून हात घातला नसशील. खरं सांगतो, माझाही धीर झाला नव्हता, म्हणून तर कोट तसाच तुझ्याकडे आला. आता ते तुला एकटीला करावं लागणार. जपून घाल, टोक टोचतं.