छत्तीस पूर्ण, ऑगस्ट बाकी

१ जून १९७२, गुरुवार. भिंगार.
आज वाढदिवस. छत्तीस पूर्ण. आजपासून रोजनिशी. रोज एक पान, थापा नाहीत.

सकाळी बाजारात रद्दीवाल्याकडे एक जाड इंग्रजी पुस्तक मिळाले. बदली होऊन गेलेल्या कुणा मिलिटरी साहेबाचे असावे. वर्षाच्या कोणत्या तारखेला कोण थोर जन्मले, त्याची यादी. आधी एक जून काढली. ग्रीसचे राजे ऑटो. रशियाचे संगीतकार ग्लिंका. जेट इंजिनवाले व्हिटल. उष्णतेच्या शास्त्राचा पाया घालणारे फ्रान्सचे कार्नो. अमेरिकेची नटी मेरिलिन मन्रो. खाली थोडी जागा होती. तिथे पेन्सिलीने लिहिले: रंगनाथ सहादेव झावरे, प्राथमिक शिक्षक.

बायकोला यादी वाचून दाखवली. चांगुणेला एकही नाव माहीत नव्हते. मग सांगितले की नर्गिसही एक जूनचीच, मासिकात वाचले होते. तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत बघितले. म्हणाली, "नर्गिस, आणि तुम्ही?" तिला तारखांचे महत्त्व कळत नाही.

संकल्प: पहाटे पाचला उठणे, शंभर जोर, इंग्रजीची दोन पाने. तारखेला शोभेल असे जगणे.

२ जून
उठायला आठ वाजले. सुट्टी आहे.

पुस्तकात जन्माबरोबर मृत्यूही दिला आहे. काल लक्ष गेले नव्हते. सहज वजाबाक्या केल्या. ऑटो, बावन्न. ग्लिंका, बावन्न. गंमत वाटली. कार्नो, जन्म १७९६, मृत्यू २४ ऑगस्ट १८३२. छत्तीस. मन्रो, जन्म १९२६, मृत्यू ४ ऑगस्ट १९६२. छत्तीस.

वजाबाकी पाटीवर पुन्हा करून पाहिली. तेच उत्तर.

दोघेही ऑगस्टात. दोघेही छत्तीस पूर्ण करून वर दोन महिने जगले.

मी विज्ञान मानणारा माणूस आहे. घाबरलेलो नाही. तळहाताला घाम येतो तो उकाड्याचा.

४ जून, रविवार
शांतपणे विचार केला. व्हिटल जिवंत, पासष्ट. नर्गिसही आहे. म्हणजे सुटका होऊ शकते. ऑगस्ट सांभाळायचा. चार ते चोवीस, फक्त एकवीस दिवस.

कार्नो कॉलऱ्याने गेले. मन्रो झोपेच्या गोळ्यांनी. तेव्हा धोका दोन बाजूंनी, पाणी आणि गोळी. आजपासून पाणी उकळूनच. घरातल्या सगळ्या गोळ्या फेकल्या. चांगुणेच्या डोकेदुखीच्या, आईसाठी आणलेल्या खोकल्याच्या, बरणीतल्या लिमलेटच्याही. तिने विचारले, लिमलेटने काय केले. म्हणालो, सवय लागते.

पाण्याला रॉकेल किती जाते यावर ती दिवसभर बोलली. मी वाचलो तर तिचाच फायदा, पण हे तिला सुचत नाही. मी काही सांगितलेले नाही. उगाच घाबरेल.

जोर: चार.

१२ जून, सोमवार
शाळा उघडली. पहिलीच्या प्रवेशाचा चार्ज नेहमीप्रमाणे माझ्याकडे. पाऊस नाही. पाथर्डीकडची माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला इकडे आली आहेत, पोरांसकट. त्यांना पोरांच्या तारखा माहीत नसतात. भामाबाई म्हणून एक बाई लेकीला घेऊन आली. मुलीचे नाव भागिरथी. जन्म कधीचा, विचारले. म्हणाली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिशी, गुर्जी. लई पाऊस हुता." कोणत्या सालचा पोळा, ते नाही.

अशा वेळी आम्ही मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघतो. हात कानाला पोचला की सहा पूर्ण. तारीख एक जून, कारण शाळा जूनमध्ये भरते. बारा वर्षे मी हेच करतो आहे.

भागिरथीचा हात पोचला. मी रजिस्टरात 'एक जू' एवढे लिहिले आणि टाक तिथेच राहिला.

बारा वर्षे. वर्षाला तीसेक पोरे. सगळी एक जूनची. माझ्या अक्षरात.

भामाबाईला म्हणालो, तारीख उद्या लिहितो.

१३ जून
मधल्या सुट्टीत श्रीमंत गायकवाडांशी बोललो. तिसरीचे शिक्षक. शांत माणूस, विडी ओढत ऐकून घेतो. सहज विचारल्यासारखे विचारले, एक जून या तारखेबद्दल काय मत. म्हणाले, "माझीबी तीच हाय की. हेडमास्तरांचीबी. आपल्या सात मास्तरांत पाच जणांची हाय, गुरुजी."

एका छपराखाली पाच. कौलेही जुनी.

नंतर लक्षात आले की त्यांच्या तारखा त्यांच्या मास्तरांनी ठोकलेल्या असणार. माझी तशी नाही. माझी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आहे. शिक्का आहे.

पण खोटी तारीखही सरकार खरीच धरते. यमाकडे तरी वेगळे रजिस्टर कुठून येणार. हेडमास्तर छप्पन्न. त्यांनी छत्तीस चुकवले, बावन्नही चुकवले. कसे, ते विचारायची हिंमत झाली नाही.

१४ जून
उपाय सापडला. इतका सोपा की आजवर कुणाला सुचला नाही.

महर्षी कर्वे, जन्म १८ एप्रिल, एकशे चार वर्षे जगले. विश्वेश्वरय्या, १५ सप्टेंबर, त्यांनी शंभरी गाठली. गांधीजींची तारीख घेणार होतो, पण शेवट पाहता सोडली. अंगाने भरलेल्या पोरांना १८ एप्रिल दिला, किरकोळ पोरांना १५ सप्टेंबर. साल सगळ्यांना १९६६. भागिरथी किरकोळ आहे. तिला सप्टेंबर.

चौदा पोरे आणि अकरा पोरे. आज मी एका बैठकीत अडीच हजारांवर वर्षांचे आयुष्य वाटले. भिंगारमध्ये असे कुणी केल्याचे ऐकिवात नाही. घरी येताना बरीच वर्षे न वाटलेले काहीतरी वाटले. चांगुणा म्हणाली, पित्त असेल.

आधीच्या बारा वर्षांतल्या पोरांचे काय, याचा विचार ऑगस्टनंतर.

२१ जुलै, शुक्रवार
आई आली. गावची विहीर आटली, आता इथेच राहील. पहिल्याच घोटाला म्हणाली, "रंगा, ह्या पान्याला चवच न्हाई." उकळलेले आहे, म्हणालो. म्हणाली, "माणूस आजारी पडल्यावर उकळत्यात. तुला काय झालंय?" काही नाही, म्हणालो.

चार ते चोवीस ऑगस्ट रजा मागितली. कारण लिहिले: प्रकृती बिघडणार आहे. हेडमास्तरांनी विचारले, झावरे, बिघडणार आहे हे तुम्हाला आजच कसे कळले. रजा नामंजूर.

जोर: आजवर एकूण नऊ.

४ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ७
मन्रोचा दिवस. शाळेत जाणार नाही. अंथरुणात आहे. खिडकी लावून घेतली. काही खाल्लेले नाही. घाबरलेलो नाही, सावध आहे.

सकाळी ११
शाळेचा शिपाई छगन येऊन गेला. तपासणीचे साहेब आलेत आणि प्रवेशाचे रजिस्टर मांडीवर घेऊन बसलेत. तुम्हालाच बोलावलंय, म्हणाला. निघतो. मिलिटरीचे ट्रक जातात तो रस्ता टाळून जाईन.

संध्याकाळी ६
जिवंत आहे. पण वाईट झाले.

चौदा पोरे एकाच अठरा एप्रिलला जन्मली यावर साहेब काही बोलले नाहीत. त्यांना सवय असावी. बोट ठेवले ते पंधरा सप्टेंबरवर. या अकरांची सहा वर्षे भरायला अजून महिना आहे, म्हणाले. प्रवेश दिलाच कसा. नावे कमी करा.

शंभर वर्षे दिली. सुरुवातीचे तीन महिने मोजायचे राहिले.

हेडमास्तरांनी मेमो दिला.

७ ऑगस्ट, सोमवार
अकरा पोरांना घरी जा म्हणून सांगितले. ती गेली नाहीत. आईबाप खडीवर, घर म्हणजे माळावरचे पाल. कुंपणाबाहेर बसून राहिली. दुपारी शाळेत पावडरीचे दूध वाटतात, तेव्हा जर्मनचे ग्लास घेऊन फाटकाशी उभी राहिली. नाव कमी, म्हणजे दूधही कमी. छगनने फाटक लावून घेतले. मी खिडकीकडे पाठ करून उजळणी घेतली.

हेडमास्तर म्हणाले, मार्ग आहे. लिहिण्यात चूक झाली असे दाखवा. तुमच्याच अक्षरात खोडा, एक जून लिहा, प्रत्येक ओळीला सही करा. साहेबांना मी समजावतो.

अकरा वेळा एक जून. दिलेले काढून घ्यायचे, आणि वर सही.

उद्या करतो, म्हणालो.

९ ऑगस्ट
अंगठा दुखतो. टाक धरवत नाही.

१० ऑगस्ट
रजिस्टरच्या कागदावर शाई फुटते. दुसरी शाई मागवली.

११ ऑगस्ट, शुक्रवार
भामाबाई शाळेत आली. खडीवरून तशीच, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. म्हणाली, "गुर्जी, ल्योकीचं काय चुकलं?"

वय भरत नाही, म्हणालो.

"कानाला हात तुमीच लावून बघितला. जल्माची तारीख तुमीच लिवली. मंग आता वयबी तुमीच भरा."

म्हणालो, बाई, मी जे केले ते तिच्या भल्यासाठी केले.

म्हणाली, "भलं म्हंजे दुपारचं दूध हाय, गुर्जी. दुसरं मला ठावं न्हाई."

भागिरथी तिच्यामागे उभी होती. ग्लासात काही नव्हते, तरी दोन्ही हातांनी धरलेला. गायकवाड लांबून बघत होते. नंतर म्हणाले, "मी लिवू का? अक्षर काढतो तुमच्यावानी." नको म्हणालो. दोष माझा, तर सहीही माझी. सोमवारी नक्की.

१४ ऑगस्ट, सोमवार
उद्या झेंडावंदन. पताका लावण्यात दिवस गेला.

१७ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी फाटकाबाहेर अकरांपैकी दहाच पोरे. छगन म्हणाला, भागिरथीला कालपासून उलट्या-जुलाब. पोरे ओढ्याच्या डबक्यातले पाणी प्याली होती. दवाखान्यात नेलंय.

कॉलरा. दुसरे काही डोक्यात येईना. आणि आजची तारीख चार आणि चोवीसच्या मधलीच.

दवाखान्यात जायचे नाही हे मी नक्की ठरवले होते. रोजनिशीत थापा नाहीत म्हणून लिहितो. दवाखान्यासमोर कडुनिंबाखाली तासभर उभा राहिलो. तोंडाला रुमाल. दोनदा परत फिरलो. मग आत गेलो. का गेलो ते सांगता येत नाही.

पोरगी खाटेवर एवढीशी दिसत होती. भामाबाई जमिनीवर बसलेली. डॉक्टर म्हणाले, कॉलरा नाही, घाण पाणी आणि रिकामे पोट. उद्यापरवा बरी होईल. कंपाउंडरने केसपेपरसाठी वय विचारले. भामाबाईने माझ्याकडे पाहिले.

"सहा पूर्ण," मी म्हणालो.

घरी येऊन हात तीन वेळा धुतले. चांगुणा पाणी जाते म्हणून ओरडली नाही.

१८ ऑगस्ट, शुक्रवार
लिहिले. अकरा वेळा. एक जून, एक जून. पहिल्या तीन ओळी वाकड्या आल्या. गायकवाड शेजारी बसून टीपकागद दाबत होते. शेवटची ओळ भागिरथीची. तिथे जरा थांबलो, मग लिहिले.

दुपारी छगनने फाटक उघडले. मी खिडकीकडे तोंड करून उजळणी घेतली.

या पोरांची छत्तिशी आणखी तीस वर्षांनी येईल. तोवर मला काहीतरी सुचेल. मी असलो तर.

२४ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी
कार्नोंचा दिवस. शाळेत गेलो. दिवसभर काही झाले नाही. भागिरथी आजपासून वर्गात येऊन बसली. पाटीवर ग काढला, उलटा.

घरी आल्यावर राहवले नाही. आईला सगळे सांगून टाकले, पुस्तक, छत्तीस, आजची तारीख. चांगुणाही दारात येऊन ऐकत होती. आई ज्वारी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "एक जून व्हय? ती रखमाजी गुर्जींनी लिवली. तू झाला तवा बाजरी निसवली हुती."

म्हणालो, जूनमध्ये बाजरीला कणसे कशी येतील.

"तेच म्हनते मी. आन् तुजा हात कानाला पोचंना. लई बुटका हुता. गुर्जींनी दोन वरसं माघारी धाडला. तिसऱ्या वरशी घेतला."

दाखला काढून पाहिला. शिक्का आहे.

म्हणजे मी अडतीस. जून नाही, छत्तीस नाही. माझा खरा धोक्याचा काळ दोन वर्षांपूर्वीच होऊन गेला. तेव्हा मी काय करत होतो, बराच वेळ आठवून पाहिले. काही आठवले नाही. शाळेत असेन.

चांगुणा आत गेली. तिच्या हसण्याचा आवाज आला, मग नाक ओढल्याचा.

आईला विचारले, दिवस तरी आठवतो का. म्हणाली, "दिस कुनाला ठावं. कळा लई दिल्या तू."

२५ ऑगस्ट, शुक्रवार
प्रवेशाचा चार्ज माझ्याकडून काढला. तो आता गायकवाडांकडे. मला दूध वाटण्याचे काम.

बरे वाटायला हवे होते. वाटत नाही. राजे, शास्त्रज्ञ, नट्या, सगळे एका दिवसात परके झाले. आणि भीती गेली म्हणावे तर तीही नाही. कालपर्यंत ती एकवीस दिवसांची होती, कधी सुरू होते आणि कधी संपते ते माहीत होते. आता जन्माचा दिवसच नाही म्हटल्यावर घाबरायचे कधी, हेच ठरत नाही. कोणताही दिवस असू शकतो.

दूध ढवळताना गायकवाडांना हे बोललो. त्यांनी विडी विझवली. म्हणाले, "रविवारी घाबरत जावा, गुरुजी. शाळा नसती."

उद्या शनिवार. सकाळची शाळा.