चौथं चाक

यशूचे पप्पा, जयभीम.

तुम्ही दुबईहून आणलेल्या, घरी जोडायच्या खेळण्यातल्या गाड्यांचे दोन्ही डबे फोडले. एकातला सांगाडा, दुसऱ्यातली चाकं, असं जोडून जुन्या काळची रेसची गाडी केली. इंजिन मावंना, उघडंच राहिलं. यशू हसली, "पप्पावानी पोट बाहेर आलंय!" डोळा लागला की दिसतं, आपण तिघं त्या गाडीत बसून दौलताबादच्या घाटातून तरंगत चाललोय.

फोनवर तुम्हाला नुसता ताप सांगितला. उद्या तिच्या काळजाचं आपरेशन हाय. मला लई भ्या वाटतं. तुम्हाला तिथं दुबईत घास गिळणार नाय, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाय.

चौथं चाक तिनं लावू दिलं नाय. म्हणली, "दवाखान्यातनं घरी आल्यावर मीच लावीन."

गम वाळू नये म्हणून झाकण घट्ट लावून ठेवलंय.

तुमची सुकेशनी