उकळत्या पेजेतली भरड

आई, तुला वाचायला शिकवायला मीच बसले होते आणि तू ‘ग’पाशी कंटाळलीस. त्यामुळे तू असतीस तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्यानं झालं नसतं. म्हणून तू गेल्यावर चौदा वर्षांनी, जर्मनीत, त्सुफेनहाउझेनच्या या घरात, रविवारी दुपारी लिहायला बसलेय. सांगायचं एवढंच आहे की तुझा हात बिघडला नव्हता. तुझा सडवा मी नासवला होता.

आपल्याकडे दोन चुली होत्या, एक जेवणाची, एक दारूची. भातगिरणीतून स्वस्तात आणलेली तांदळाची कणी तू पातळ शिजवायचीस, पेज निवली की तिच्यात मोड आणून वाळवलेल्या ज्वारीची भरड टाकायचीस, आणि तासाभरात ती पेज साखरेवाचून गोड व्हायची. मग पिंपात ओतून, पोत्यानं झाकून आंबवायची. हा सडवा चौथ्या दिवशी गाळायचा. गूळ विकत घ्यायला नको, मोहाच्या हंगामाची वाट बघायला नको. बाईच्या हाताला यश आहे, असं सगळे म्हणायचे. मला मात्र त्या वासाची लाज वाटायची. आमचे गणिताचे सर मागच्या दारानं येऊन ग्लास रिकामा करायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्याकडे बघायचे नाहीत. बारावीत मी तुला म्हटलं, बंद कर हे. तू म्हणालीस, ‘बंद करतो. मंग तुले कॉलेजात कोन धाडन? तुहा बाप येते का वरून?’

सडवा नासवला त्या दिवशी तू बोअरिंगवर पाण्याला निघतेस. जाताना सांगतेस, ‘पेज निवू दे. बोट बुडवून पाह्य, लगेच काढावं वाटलं पायजे, पन फोड नाही आला पायजे. मंगच भरड टाक.’ माझ्यासमोर जीवशास्त्राचं पुस्तक उघडं आहे. त्यात पिष्टाची साखर करणाऱ्या विकरांचा धडा आहे, आणि फार उष्णतेनं विकरं निकामी होतात हे वाक्य मी पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं आहे. मी पेज चुलीवरून उतरवतही नाही. रटरटत असतानाच सगळी भरड तिच्यात ओतते, ढवळते, मग उतरवून ठेवते. तू येईपर्यंत ती हवी तेवढी निवलेली असते. तुला कळायला काही मार्गच नव्हता. तासाभरानं तू चाटून बघितलंस, परत चाटलंस. ‘काहून गोड होऊन नाही राह्यलं व?’ मी पुस्तकातून मान वर केली नाही.

पुढच्या महिन्यात तू भट्टी मोडलीस आणि कणी आणायचीस त्याच गिरणीत कामाला लागलीस, कोंड्याच्या धुरळ्यात. मला हवं तेच झालं होतं. पण मग तू लोणचंसुद्धा शेजारच्या काकूंकडून घालून घेऊ लागलीस. कैऱ्या तू चिरायचीस, मीठ मात्र त्यांच्या हातून. ‘माह्या हाताचं यश गेलं,’ असं हसत सांगायचीस सगळ्यांना. खोकत खोकत गेलीस तेव्हा मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, पोरीच्या इज्जतीसाठी धंदा सोडला हिनं. मी ओढणी डोळ्यांना लावून ऐकत होते.

इथं घरी दारू गाळणं गुन्हा आहे, पण बिअर केलेली चालते. माझा एक सहकारी केलरमध्ये, म्हणजे घराखालच्या तळघरात, करतो. गेल्या आठवड्यात मी बाउमार्क्टमधून, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून, झाकणाच्या दोन बादल्या आणल्या, आशियाई दुकानातून तुकडा तांदूळ, त्या सहकाऱ्याकडून बार्लीचं माल्ट, म्हणजे आपली मोडाची भरडच, आणि पावाचं यीस्ट. वर जुनी रजई गुंडाळली. एका बादलीत तुझ्या पद्धतीनं केलं, दुसरीत माझ्या. थर्मामीटर होता, तरी आधी बोट बुडवलं. मग बघितलं तर चौसष्ट. खरं सांगू, मला आशा होती. कदाचित उकळत्या पेजेनं काहीच होत नसेल, तेव्हा ज्वारीच किडकी असेल, आणि मी उगाच एवढी वर्षं झुरतेय. तासाभरानं तुझी बादली गोड होती. माझीत नुसती खळ. तिसऱ्या दिवशी तुझी बुडबुडायला लागली आणि माझीला कुबट वास सुटला. दहा वर्षांची लेक नाक धरून ‘दास श्टिंक्ट’ म्हणाली, मग जर्मनमध्येच तिनं विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, व्हिडिओ बघून. तिला इतकंच माहीत आहे की आजी गिरणीत होती.

हे कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवीन, दुसरं काय करणार. पण वाचून वाटेल की एकदाच घडलं, पोरकटपणा होता. तसं वाटावं म्हणूनच तसं लिहिलंय मी. एकदा नव्हतं, आई. पहिल्यांदा तू ज्वारीला बोल लावलास आणि नवी आणलीस. दुसऱ्यांदा कणीला. तिसऱ्यांदा म्हणालीस, ‘माह्या हातानं नाही होत आता, शिजव बी तूच अन् टाक बी तूच, तुह्या हातानं,’ भरडीचं सूप माझ्या हातात दिलंस आणि देवापुढे डोळे मिटून बसलीस. पेज अजून उकळत होती. मी टाकली.