धवल्यातलं मामाचं नाव

बर्लिन, ३ जानेवारी २०२५

ती. वैशालीताईस, देवेशचा साष्टांग नमस्कार.

फोन नको, पत्रच लिही म्हणालीस ते बरं केलंस. मागचा फोनवरचा निरोप तुझ्या जाऊबाईंनी गावभर फिरवला होता. मी खुशाल आहे, पण भात तुझ्यासारखा जमत नाही. हसू नकोस.

इथे एका प्रदर्शनात एल्झा नावाच्या बाईचा फोटो पाहिला. तिचा भाऊ नावाजलेला कवी. हिटलरविरुद्ध लिहून परदेशी निसटला, ती मागे राहिली. नाझी अधिकारी तिला दर आठवड्याला कचेरीत बसवून ठेवायचे. शेवटी तिनं लिहून दिलं, मला भाऊ नाही. मला फार राग आला. सख्खी बहीण असं कसं लिहिते? त्यावर नाटक लिहायचं मनात आहे.

तुझ्या दिशाच्या लग्नाचं कुठवर आलं? भावजींना नमस्कार.

तुझा आशीर्वाद पाठीशी राहू दे.
देवेश


भिवंडी, १९ जानेवारी

चि. देवेशास, ताईचे अनेक आशीर्वाद.

दिशाचं ठरलं. मुलगा नारपोलीचा, विशाल. लग्न दोन मार्चला.

तुझं गाणं धामणकर नाक्यावर रिक्षात वाजतं. वाटतं सांगावं, हा माझा भाऊ. पण गप बसते. गोदामांना जमिनी विकणाऱ्यांची तू गाण्यात नावं घेतलीस, तुझ्यावर केस झाली, तू लांब गेलास. इथे गावकीनं आम्हाला वाळीत टाकलं, त्याला वर्ष झालं. तुला कळवलं न्हाय, उगाच जिवाला घोर नको म्हणून.

आता ठमाबाई धवलारीण म्हणते, गावकीनं सांगितल्याशिवाय मी धवला गायला येणार न्हाय. आपल्यात धवल्याच्या गाण्यांशिवाय लग्न लागतं का? गावकीचे चांगदेवनाना म्हणतात, देवेश आमचा कोणी न्हाय असं लिहून द्या, सगळा गाव मांडवात येईल. विशालकडचे पण तेच धरून बसलेत. पोरीचं लग्न मोडलं तर मी काय करू?

तुझ्या त्या एल्झाचा भाऊ परत आला का रे?

जेवत जा वेळेवर.
तुझी ताई


बर्लिन, ४ फेब्रुवारी

ती. ताईस, साष्टांग नमस्कार.

आला. युद्ध संपल्यावर त्याच गावात राहिला, पण मरेपर्यंत तिच्या दारी गेला नाही. त्याचं बरोबरच होतं असं मला वाटलं होतं. तुझं पत्र आल्यापासून माझीच लाज वाटते. गाणं मी म्हटलं, टाळ्या मला मिळाल्या, भोगलंस तू.

वाळीत टाकणं गुन्हा आहे, पोलिसांत जा, असं लिहिणार होतो. पण आधी दिशाचं लग्न. ताई, लिहून दे. माझी शपथ आहे.

मांडवात तिच्या मागे मामा म्हणून उभं राहायचं होतं गं. त्या दिवशी रविवार, इथे सुट्टीच आहे. दिवसभर तुमच्यातच असेन.

मनातून मात्र काढू नकोस.
देवेश


भिवंडी, ५ मार्च

चि. देवेशास, अनेक आशीर्वाद.

लग्न लागलं. कसं लागलं ते ऐक.

मी लिहून दिलं होतं. गाव आला, ठमाबाई आली. धवल्यात एकेका नातेवाइकाचं नाव घेत ती मामापाशी आली, थांबली आणि माझ्याकडं बघून तिनं विचारलं, मामा कोण? नाना समोरच बसलेले. मी म्हटलं, मामा न्हाय.

तशी दिशा पाटावरून म्हणाली, “हाय माझा मामा. देवेश. घ्या त्याचं नाव.”

ठमाबाईनं पदर सारखा केला आणि गायलं रे तुझं नाव, चांगलं मोठ्यानं. नाना उठून गेले, अर्धा गाव त्यांच्या मागं. विशाल जागचा हलला न्हाय, म्हणून त्याचे आईबापही बसून राहिले. जेवण खूप उरलं, टेमघरच्या वस्तीतल्या गरीब बायांना नेऊन वाटलं.

आम्ही परत वाळीत. त्याचं मला काय न्हाय. पण तुझं नाव पोरीच्या तोंडातून निघालं, माझ्या न्हाय, हे तीन दिवस आत सलतंय. केस सुटली की ये. कोपऱ्यावर दिसलास की दारातूनच हाक मारीन, नाव घेऊन. सगळ्या आळीनं ऐकावं.

वाट बघते.
तुझी बहीण, वैशाली