कॅमेऱ्याचा नवा पट्टा

मुखरू भाऊजी,

तुमच्या दादाचा कॅमेरा खुंटीले टांगून हाय. जुना बारीक पट्टा मी चुलीत टाकला. आमच्या खाटेची नवार कापून नवा शिवला. रुंद हाय, मानेले काचनार नाई. भरली बादली टांगून पायली, टाके उसवले नाई. नुसता गळ्यात नोका घालू, खांद्यावरून आडवा घेजा.

त्या दिवशी वैनगंगेत नावेवर पट्टा तुटला अन् तुमचे दादा कॅमेरा धराले वाकले. कॅमेरा डोंग्यातच राह्यला, तेच पान्यात गेले.

आज तुमी पयल्यांदा फोटो काढाले चामोर्शीले निंगाल. मले ते पाहवनार नाई, म्हनून मी इंदुताईकडे चालली. भात झाकून हाय, जेवून जाजा.

हाही पट्टा तुटला तं कॅमेरा जाऊ देजा. तुमी घरी या.

रंभा वहिनी